न उगवलेला दाणा

आपल्या घरात बी रुजते ते तीन ठिकाणी: स्वयंपाकघरात, देवघरात आणि मुलांच्या खिडकीत. पहिले खाण्यासाठी, दुसरे देवासाठी आणि तिसरे गुणांसाठी. शेतात पेरलेल्या बियाण्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी आभाळाकडे माना वळतात, कर्जे काढली जातात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. घरातल्या या पसाभर दाण्यांची दखल घ्यायला कोणाला सवड नसते. मला ती आहे. कारण गेली वीस-बावीस वर्षे शाळेत, आणि घरातही, मी मुलांना घेऊन बिया रुजवीत आले आहे. त्यावरून माझे असे मत होत चालले आहे की, मोठी माणसे मुलांशी कशी वागतात हे पाहायचे असेल, तर बी उगवते तेव्हा पाहू नये. उगवत नाही तेव्हा पाहावे.

मोड आणणे हे स्वयंपाकघरातले सर्वांत सोपे काम, असे ते कधीच न केलेल्या माणसांना वाटते. मटकी निवडून सकाळी कोमट पाण्यात भिजत घालायची, सात-आठ तासांनी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, ती पुरचुंडी चाळणीत ठेवून वर पातेले पालथे घालायचे आणि विसरून जायचे. या विसरून जाण्यातच सारी विद्या आहे, आणि मुलांना नेमकी तीच साधत नाही. आमच्या धाकटीने लहानपणी एका संध्याकाळी ती पुरचुंडी नऊ वेळा सोडली होती.

“आई, आले का?”

“अगं, तू सारखी सोडतेस म्हणून येत नाहीत.”

“पण मी सोडलंच नाही तर आले हे कळणार कसं?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांपाशीही ते असेल असे मला वाटत नाही.

‘मोड’ या शब्दाचीही मुलांना मोठी मौज वाटते. वाण्याकडे मोड म्हणजे सुटे पैसे. घरी मोड म्हणजे मटकीचे नाक. धाकटीने या दोन्हींची सांगड आपल्यापुरती घालून टाकली होती. नोट मोडली की मोड मिळते, तसा दाणा मोडला की मोड येतो. मला तर हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षाही बरे वाटले; कारण मोड येणे म्हणजे दाण्याने साठवलेली शिदोरी खर्चायला काढणे, हे अगदी खरे आहे. दाणा पाणी पितो, फुगतो, आतले पीठ विरघळून साखर होऊ लागते, आणि त्या भांडवलावर पहिले मूळ बाहेर पडते. तुम्ही दाणा उलटा ठेवा, आडवा ठेवा. मूळ बरोबर खालीच वळते.

दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली की शेकडो दाण्यांना पांढरी नाके फुटलेली असतात. पण त्यांतही दोन-चार दाणे असे निघतात की, ते भिजत घातले तसेच कोरडे, टणक, करकरीत. ना फुगले, ना फुटले. त्यांना आपल्या बायका गणंग म्हणतात. उसळीत असा एखादा दाताखाली आला की जेवणाराची मुद्रा पाहण्यासारखी होते, आणि दोष मात्र स्वयंपाक करणारीला लागतो. वनस्पतिशास्त्र मात्र या गणंगाची बाजू घेते. त्याचे कवच पाण्याला आत येऊ देत नाही, एवढाच त्याचा अपराध. आतला जीव शाबूत असतो. सहाणेवर जरासा घासून पुन्हा भिजत घातला, तर त्यालाही बहुधा मोड येतो. रानातल्या कडधान्यांत असे दाणे पुष्कळ असतात. पहिल्याच फसव्या सरीला सगळे बी उगवून आले आणि पुढे पावसाने तोंड फिरवले, तर वंशच बुडायचा. म्हणून काही दाणे दार लावून आत बसतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात. माणसाने हजारो वर्षे एकदम उगवणारेच दाणे निवडून पेरले, म्हणून आता मटकीत गणंग दोन-चारच उरले. हे ऐकल्यापासून धाकटी गणंग वेचून एका डबीत ठेवू लागली. तिच्या मते सगळ्या मटकीत तेवढेच हुशार होते.

देवघरातले बी रुजते ते वर्षातून एकदा, नवरात्रात. आमच्या लातूरकडे घट बसवायचे म्हणजे आदल्या दिवशी वावरातली काळी माती आणून ती बारीक करायची, परडीत किंवा पत्रावळीवर पसरायची, तीत ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस अशी पाच-सात धान्ये पेरायची आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट पाझरतो, मातीला ओल आपोआप मिळत राहते. रोज एक माळ, तरवडाची किंवा कारळ्याच्या पिवळ्या फुलांची. तिसऱ्या दिवशी मातीला भेगा जातात, चौथ्या दिवशी कोंब दिसतात, आणि दसऱ्यापर्यंत घटाभोवती पिवळे, लवलवते धान उभे राहते. मग ते उपटून टोपीत खोवायचे आणि आपट्याच्या पानांबरोबर मोठ्यांच्या हाती द्यायचे.

“शेतातलं धान हिरवं, मग आपलं पिवळं का?” असे थोरल्याने एकदा आजीला विचारले.

“देवीला हळद लागलीय, बाळा,” सासूबाई म्हणाल्या.

शाळेत मी याचे दुसरे उत्तर देते. झाडाचा हिरवा रंग तयार व्हायला उजेड लागतो, आणि आमचे देवघर अंधारे. उजेड काय तो समईचा. अंधारातला कोंब दाण्यातल्या शिदोरीवर जगतो आणि ती सगळी उंच होण्यात उधळतो. कारण मातीखालून निघालेल्या कोंबाला पहिली निकड असते ती उजेड गाठण्याची. त्या दसऱ्याला थोरल्याने धानाचा एक गड्डा मातीसकट उचलून माजघराच्या खिडकीत ठेवला. दोन दिवसांत तो हिरवा झाला. “आजी, हळद उतरली!” असे ओरडत तो घरभर नाचला. सासूबाईंना शास्त्राने आपल्याला हरवले असे मुळीच वाटले नाही. नवरीची हळद उतरतेच, असे त्या म्हणाल्या.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. रोज माळ चढवताना सासूबाई ते धान निरखून पाहत. ज्वारी दाट आली, हरभऱ्याने मुंडी वर काढली, जवस मात्र अजून नाही, असे त्यांचे स्वतःशीच चालायचे. रब्बीची पेरणी तेव्हा तोंडावर आलेली असते. घरात राखलेल्या बियाण्यातले मूठभर आधी देवापुढे पेरून पाहायचे आणि मगच वावरात न्यायचे, ही या व्रताची शेतकऱ्याच्या सोयीची बाजू, असे आमच्याकडची जाणती माणसे सांगतात. सासूबाईंना त्याचे स्पष्टीकरण कधी द्यावे लागले नाही. एका वर्षी नऊ दिवस उलटले तरी जवसाचा एक कोंब दिसला नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी त्या सासऱ्यांना एवढेच म्हणाल्या, “औंदा जवसाचं बी बदला.”

आता, माती पसरून दाणे पेरले होते मी. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. भाकरीच्या काठापासून घडी घातलेल्या पातळापर्यंत माझ्या कोणत्याही कामाला नाव ठेवायची सासूबाईंची सदैव तयारी असे. पण जवस उगवले नाही म्हणून त्यांनी माझ्या हाताला नाव ठेवले नाही. त्यांची नजर थेट बियाण्याच्या गाडग्याकडे गेली. मला तेव्हा नुसते सुटल्यासारखे वाटले. त्या नजरेची किंमत पुढे शाळेत कळली.

आता तिसरे ठिकाण, मुलांची खिडकी. शाळेत बी रुजवण्याचा एक जुना प्रयोग आहे. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी तो केला आहे. एका पट्टीला तीन दाणे बांधायचे, वर एक, मध्ये एक, खाली एक. आणि ती पट्टी पेल्यात अशी उभी करायची की, खालचा दाणा पाण्यात बुडेल, मधला पाण्याच्या पातळीवर राहील आणि वरचा कोरडा राहील. काही दिवसांनी मधला उगवतो. मग प्रश्न येतात. वरचा का उगवला नाही? पाणी मिळाले नाही म्हणून. खालचा का उगवला नाही? हवा मिळाली नाही म्हणून. चार गुणांचा प्रश्न, चार ओळींचे उत्तर. मुले ते झोपेतही सांगतात.

या प्रयोगाच्या दिवशी वर्गात जे पेले येतात, ते पाहून मला दरवर्षी पालकांविषयी कौतुक वाटते. बाविसाच्या बावीस पेल्यांत मधला दाणा टवटवीत. एका वर्षी तर एका पेल्यातल्या दाण्याला तीन दिवसांत चार पाने फुटली होती. खोदून विचारता कळले की, मूळचा दाणा काही केल्या उगवेना, मुलगी रडू लागली, तेव्हा वडिलांनी रात्री शेजारच्या परसातला रोप आणून पेल्यात लावला होता. प्रेमाने केले, यात संशय नाही. पण त्या मुलीला त्या रात्री एक गोष्ट कळली ती अशी की, न उगवलेला दाणा लपवायचा असतो.

हा प्रसंग आठवला की मला चार्ल्स डार्विनचे घर आठवते. 1855 साली इंग्लंडातल्या केंट परगण्यात, डाउन या खेड्यातल्या आपल्या घरी डार्विनसाहेबांनी खाऱ्या पाण्याच्या बरण्या भरून त्यांत तऱ्हेतऱ्हेचे बी भिजत घातले होते. समुद्रातल्या बेटांवर झाडे पोचली कशी, हे त्यांना शोधायचे होते. खाऱ्या पाण्यात बी मरते की वाहत जाऊन दुसऱ्या किनाऱ्यावर उगवू शकते, असा प्रश्न होता. त्यांचे मित्र हूकर हे वनस्पतिशास्त्रातले मोठे पंडित. त्यांचा कल बी मरेल याकडे. डार्विनची मुले या खेळात अगदी रंगून गेली होती. बाबा हूकरसाहेबांना हरवणार का, असे ती सारखी विचारीत. काही बरण्यांतले पाणी सडून त्याला दुर्गंधी येऊ लागली. घरधनीण काय म्हणाली असेल, ते कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. शेवटी 87 प्रकारच्या बियांपैकी 64 प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात 28 दिवस राहूनही उगवल्या. काही तर 137 दिवसांनंतरही. बाबा जिंकले! पण लगेच ध्यानात आले की, यांतल्या बहुतेक बिया मुळी तरंगतच नाहीत, तळाला बसतात. मग त्या समुद्र ओलांडणार कशा? झाले, पुन्हा पहिल्यापासून. फांद्या फळांसकट वाळवून पाण्यात सोडून पाहिल्या, तर 94 झाडांपैकी 18 झाडांच्या फांद्या 28 दिवसांहून अधिक तरंगल्या. हे सगळे आकडे 1859 साली त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात छापले गेले. उगवलेले, न उगवलेले, तरंगलेले, बुडालेले. त्या घरातल्या मुलांना न उगवलेला दाणा लपवावा लागला नाही. तो वहीत लिहून ठेवण्याजोगा होता.

आता 2023 सालच्या जूनमधली हकीगत सांगते. त्या वर्षी पाऊस रेंगाळला होता. शाळा उघडली तरी जमीन कोरडी. गावातली सगळी माणसे पारावर बसून ढग मोजीत होती. मी पाचवीच्या वर्गाला तीन दाण्यांचा प्रयोग दिला. घरात जे असेल ते बी घ्या, म्हणाले. कोणी हरभरा आणला, कोणी चवळी, कोणी मका. सातव्या दिवशी पेले मांडले गेले. एका मुलाचा पेला मात्र टेबलावर आला नाही. तो त्याने बाकाखाली, पायांच्या मध्ये धरून ठेवला होता, वर रुमाल टाकून.

मी जवळ जाऊन बसले, तेव्हा त्याने रुमाल काढला. त्याने सोयाबीनचे दाणे घेतले होते. वरचा कोरडा, खालचा बुडालेला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सारे यथासांग. पण मधला दाणा फुगून, बुळबुळीत होऊन नासला होता. त्याला वास येत होता.

“बाई, म्या उकरून नाही बघितलं,” तो म्हणाला. “पाणी पण जास्त नाही घातलं.”

“मी कुठं म्हणाले तसं?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आमच्या अण्णानं पण त्या साली खोल नव्हतं पेरलं.”

वर्गातल्या इतर मुलांना या वाक्याचा संबंध लागला नाही. मला लागला, आमच्या भागातल्या कोणालाही लागेल. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने सोयाबीनच्या गंजी भिजल्या. बियाण्याचेही त्यात नुकसान झाले. पुढच्या खरिपात, 2020 च्या जूनमध्ये, मराठवाड्यात आणि विदर्भात ठिकठिकाणी पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही. तक्रारींचे ढीग पडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. कितीतरी घरांनी उसनवारी करून दुबार पेरणी केली. या मुलाचे घर त्यांतलेच. तेव्हा तो सात वर्षांचा होता. पाहणीला आलेल्या कोणीतरी त्याच्या वडिलांच्या वावरात बसून बोटाने माती उकरली आणि विचारले, “किती खोल पेरलं होतं? पाऊस पुरेसा होऊ दिला होता का?” विचारणाऱ्याचे प्रश्न शास्त्राला धरूनच होते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून सोयाबीन पेरू नये, आणि बी तीन-चार सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये, हे खरेच आहे. पण बांधावर उभ्या असलेल्या मुलाने त्यातून ऐकले ते एवढेच, की बी उगवले नाही तर पेरणाऱ्याची जबानी घेतात.

मी पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. वरचा का उगवला नाही, हा प्रश्न होता. खालचा का उगवला नाही, हाही होता. मधलाच उगवला नाही तर काय, हा प्रश्न त्यात नव्हता. पुस्तकाने धरूनच चालले होते की बी चांगले आहे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत एक जुने गोणपाट धुऊन आणले. शेतकऱ्यांना कृषी खाते दरवर्षी जी उगवणीची चाचणी करायला सांगते, ती आम्ही वर्गात करायचे ठरवले. त्या मुलाने घरच्या पोत्यातून ओंजळभर सोयाबीन आणले. शंभर दाणे मोजायचे होते. एक चुणचुणीत मुलगी लगेच टपोरे टपोरे वेचू लागली.

“बाई, चांगले चांगले घेऊ ना?”

“तिफण काय चांगले चांगले वेचून पेरते?” मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले. माझे काम त्याने वाचवले.

निवड न करता हाताला येतील तसे शंभर दाणे घेतले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वर दुसरे ओले गोणपाट घातले, अलगद गुंडाळी केली, सुतळीने बांधली आणि वर्गाच्या थंड कोपऱ्यात ठेवली. रोज दोघांनी पाणी शिंपडायचे. मधल्या काळात प्रश्नांचा पाऊस पडला. तेवढाच काय तो त्या आठवड्यात पडला म्हणा. बी मरते म्हणजे काय? ते आधी जिवंत असते का? मी सांगितले, असते. वाळलेल्या दाण्यातही जीव असतो. तो अगदी मंद श्वास घेत पडून राहतो. काही दाणे फार चिवट. इस्राएल देशात मसादा नावाच्या जुन्या गडावर उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या होत्या. त्यांतली एक 2005 साली पेरली, ती सुमारे दोन हजार वर्षांनी उगवली. सोयाबीनचा दाणा मात्र नाजूक. त्याचे कवच पातळ, आतला कोंब कवचाला अगदी लागून. मळणीयंत्राचा तडाखा बसला, पोते उंचावरून आदळले, थप्पीखाली दाबले गेले, काढणीच्या वेळी भिजले, की वरून दाणा दिसतो तसाच दिसतो आणि आत कोंब गेलेला असतो. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही.

सातव्या दिवशी गुंडाळी सोडली. मुलांनी हजेरीपटाचा खेळ केला. एकेका दाण्याला नंबर देऊन कोंब आलेल्याला हजर आणि न आलेल्याला गैरहजर असे फळ्यावर मांडले. धड, सरळ कोंब आलेले शेहेचाळीस निघाले, गैरहजर चोपन्न.

“बाई, शेहेचाळीस म्हणजे पास!” वर्ग आनंदाने ओरडला.

“शाळेत पास,” मी म्हणाले. “सोयाबीनच्या बियाण्याला सत्तर लागतात.”

“सत्तर?” सगळ्यांना त्या दाण्यांची दया आली. आपल्याहून कडक परीक्षा कोणाला तरी द्यावी लागते, याचे थोडे समाधानही वाटले असावे.

तो मुलगा मात्र हसला नाही. तो ओळीने चोपन्न दाणे पाहत होता. त्या दाण्यांना कोणी उकरले नव्हते, बुडवले नव्हते, खोल पुरले नव्हते. सगळ्या वर्गाने मिळून त्यांना पाणी दिले होते आणि तरी ते उगवले नव्हते. त्याने मला एवढेच विचारले, “अण्णाला बोलावू?”

वडील दुपारी आले. मुलांच्या बुटक्या बाकावर अवघडून बसले आणि गोणपाट पुढे ओढून त्यांनी पुन्हा सगळे दाणे मोजले, पाच-पाचचे ढीग करून. विकतच्या बियाण्यावरचा विश्वास उडाल्यापासून ते घरचेच बी राखत होते. मागच्या ऑक्टोबरातल्या पावसात ते थोडे भिजले होते, आणि पोत्यांची थप्पी छताला लागली होती. हे सर्व त्यांनीच सांगितले, मी विचारले नाही. मग म्हणाले, “घरचं बी आम्ही कधीमधी बघतो असं. पण वीस साली पिशवीतलं होतं, शिक्का मारलेलं. विकतचं बी कोण परीक्षेला बसवतं, बाई?”

यावर मी काही बोलले नाही. या शेहेचाळिसाने 2020 चा निकाल लागत नव्हता. त्या वर्षीचे बी मातीत गेले होते. त्यातले शंभर दाणे आता कोणालाही मोजता येणार नव्हते. ते वडिलांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. पण मुलाला आता एक गोष्ट कळली होती, आणि ती त्याने वडिलांच्या देखत वर्गाला सांगितली. मी फळ्यावर प्रश्न लिहिला होता: बी का उगवले नाही? पाणी, हवा, ऊब अशी उत्तरे झाली. त्याने खडू घेतला आणि खाली चौथे लिहिले: बी मेलेले होते. वडील ते अक्षर बराच वेळ वाचत होते.

पाऊस अजून यायचा होता, म्हणून पेरणी राहिली होती; ती उशीर झाल्याची पहिली सोय. त्यांनी ते सोयाबीन आडतीवर घातले आणि पाहुण्यांकडून दुसरे आणले. चार दिवसांनी वर्गाच्या कोपऱ्यात आणखी एक गुंडाळी बांधलेली मला दिसली. ती कोणी सांगून केलेली नव्हती. त्या गुंडाळीत शंभरापैकी एक्याऐंशी हजर झाले. तो आकडा मुलाने घरी नेला तो धावतच.

मी घरात आणि शाळेत पाहते की, आपण मुलांना उगवण्याचे कौतुक फार शिकवतो. आधी वाट पाहायला सांगतो, मग टाळ्या वाजवायला. पण उगवले नाही की आपला आवाज बदलतो. तू पाणी घातले नसशील. तू सारखे उकरले असशील. कधी ते खरेही असते. पुरचुंडी नऊ वेळा सोडणारी मुले मी घरीच पाहिली आहेत. पण कधी दाणा गणंग असतो, त्याला अजून वेळ हवा असतो. आणि कधी तो मेलेला असतो, त्याला कोणीच काही करू शकत नाही. या तिन्ही गोष्टींतला फरक ओळखता येणे, हे मला पेल्यातल्या टवटवीत रोपापेक्षा मोठे शिक्षण वाटते. शेतकऱ्याच्या मुलाला ते लागते, आणि इतरांच्याही मुलांना लागतेच; कारण पुढे आयुष्यात त्यांना दुसऱ्याने दिलेले पुष्कळ बी पेरायचे असते.

या दिवाळीच्या सुट्टीत मुले घरात कंटाळून तुमच्या मागे लागतील, तेव्हा फराळाच्या डब्यांमागचा मटकीचा डबा काढा. ज्यांची शेती आहे त्यांनी हरभऱ्याचे बी घ्यावे. पुष्कळ ठिकाणी त्याची पेरणी अजून चालू असेल. मुलांना शंभर दाणे मोजू द्या, निवडू देऊ नका. ओल्या फडक्यात ओळींनी मांडा आणि त्यांना रोज पाहायचे असेल तर एकदाच पाहू द्या. शेवटी हजर किती आणि गैरहजर किती, हे दोन्ही आकडे कागदावर त्यांच्याच हाताने लिहवून घ्या. रात्री गुपचूप जाऊन चांगले दाणे ठेवू नका. आणि फार थोडे उगवले, तर मुलाच्या हातांकडे पाहण्याआधी एकदा डब्याकडे पाहा.